ओदिलियाच्या आडव्या कांड्या

ओदिलियाच्या बागेत शिरणाऱ्याचा पाय आधी घोट्यापर्यंत चिखलात जायचा. तो ओढून काढता काढता मान वर केली की समोर पानं दिसायची. लाल, जांभळी, गुलाबी काठाची, पिवळ्या रेघांची. एक जात तर इतकी काळपट की ढगाळ दिवशी ती जळून गेल्यासारखी वाटे. सगळं टांगेटच, म्हणजे उभ्या कांडीवर रंगीत पानांचा झुबका येणारं झुडूप. वाघी खोऱ्यात टांगेट नसलेलं अंगण सापडायचं नाही. पण बहुतेकांकडे साधं हिरवं, फार तर एखादं तांबूस. ओदिलियाकडे किती जाती आहेत असं कुणी विचारलं तर ती जाती मोजत नसे, माणसं सांगत असे. "ही माझ्या मावशीनं दिली. ही मिशनच्या स्वयंपाकिणीनं. हे पिवळ्या रेघांचं एका ट्रकवाल्याच्या बायकोनं. नाव विसरले. बाई मात्र चांगली होती."

ती मूळची नदीपलीकडच्या डोंगरातली. तिकडे माती भुसभुशीत, पाऊस पडला की निथळून जायचा. लग्न होऊन इकडे आली तेव्हा सासरची जमीन सगळ्या खोऱ्यात खोल निघाली. आजूबाजूचं पाणी चरांमधून वाहत वाहत शेवटी तिथेच यायचं. भावाभावांनी जमीन कसायला वाटून घेतली तेव्हा तिचा नवरा गोई परगावी होता, म्हणून त्याच्या वाट्याला ती आली. पहिल्या वर्षी रताळी लावली ती जमिनीतच सडली. दुसऱ्या वर्षीही सडली. दिवसभर चिखलात वाकलेल्या सुनेकडे बघून सासू शेजारणींना म्हणायची, "आमच्या पोरानं बायको आणली का बेडूक, तेच कळत नाही."

ओदिलियानं रताळ्यांचा नाद सोडला आणि अळू लावलं. अळवाच्या वाफ्यांच्या कडेला माहेराहून आणलेल्या टांगेटच्या दोनचार फांद्या रोवल्या, नुसत्या शोभेला. अळू बरं आलं, पण टांगेट असं आलं की रस्त्यानं जाणारे थांबून बघू लागले. माहेरी तीच जात हातभर उंच होऊन पानांची टोकं करपवून बसायची. इथे तिला ओल मिळाली, केळीची अर्धी सावली मिळाली आणि पान वीतभर रुंद झालं. पुढे काही रोपं मेलीही. मेली ती कुठली आणि जगली ती कुठली हे ती बघत गेली आणि तिला एक गोष्ट कळली. ती तिनं जन्मभर सगळ्यांना त्याच शब्दांत सांगितली: "टांगेटचे पाय ओले चालतात. बुडलेले चालत नाहीत."

म्हणून तिचे वाफे गुडघाभर उंच असत. दोन वाफ्यांमध्ये चर. चरातला काळा गाळ काढायचा, वाफ्यावर चढवायचा, वर वाळलेले रताळ्याचे वेल अंथरायचे. पाऊस पडला की गाळ पुन्हा चरात उतरायचा, की पुन्हा काढायचा. हे काम संपत नसे आणि ते संपावं असं तिला वाटतही नसे.

तिच्या बागेतलं सगळ्यात देखणं झाड गोईनं आणलेलं होतं. तो समुद्राकाठी मळ्यावर कामाला गेला होता. तिथून परतला तेव्हा हातात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बोडकी कांडी. पान नाही, कोंब नाही.

"एवढ्या लांबून सरपण आणलंत?" ओदिलियानं विचारलं.

"लाव तर खरं," गोई म्हणाला. "मग बोल."

तिनं लावली. कोंब आले ते मातकट हिरवे. पाचसहा पानं येईपर्यंत ती नवऱ्याला चिडवत राहिली. मग एका सकाळी नवं पान उलगडलं ते लाल होतं. मारिटा फळ पिकल्यावर होतं तसं, आतून उजेड असल्यासारखं. ओदिलिया नवऱ्याचं नाव घेत नसे, त्यामुळे त्या जातीलाही नाव पडलं नाही. ती तिला "ह्यांचं" म्हणायची. "ह्यांचं यंदा छान आलंय," असं ती म्हणाली की नव्या माणसाला काही कळत नसे.

गोई छातीच्या दुखण्यानं गेला. मुलगी बेनिता लग्न होऊन लाए शहरात होती. मुलगा नव्हता. खोऱ्यात जमीन कुळाची असते. विधवेला ती कसायला मिळते, पण ती नीट नांदते आहे तोवरच. कुळावर भांडण ओढवून आणणाऱ्या बाईला दीर माहेरी पोचवून येतात आणि तिथून परत यायची वाट नसते. हे ओदिलियाला कुणी सांगावं लागलं नाही. गोईचा धाकटा भाऊ वियाल मात्र अधूनमधून सांगायचाच.

"वहिनी, तुमची बाग आहे, कोण नाही म्हणतंय," तो म्हणायचा. "पण जमीन आमची आहे."

"आणि चिखल?"

"चिखल तुमचा."

वियाल तसा वाईट नव्हता. मोठ्यानं बोलायचा आणि मोठी स्वप्नं बघायचा. सणाला नाचायला जाताना पुरुष कमरेच्या मागच्या बाजूला टांगेटच्या पानांचा जुडगा खोचतात. त्यासाठी तो भावजयीकडेच यायचा आणि नेहमी लालच मागायचा. मिंज गावच्या अतिथिगृहानंही लालच मागितलं होतं. त्यांच्या अंगणात पाणी साचायचं, गवत कुजायचं, गुलाब मरायचे. ओदिलियानं तिथे उंच वाफे घालून "ह्यांचं" लावून दिलं आणि तेव्हापासून तिचं मीठ, साबण, बसभाडं त्या पानांवर चालू लागलं. पण अतिथिगृहाचा मालक बदलला, नव्यानं अंगणावर सिमेंट घातलं आणि ती रोपं गेली. आता हे लाल फक्त तिच्या बागेत होतं.

बागेच्या खालच्या अंगाला मोठा चर होता. चराच्या अलीकडे गोईच्या कुळाची जमीन, पलीकडे कुलकाच्या कुळाची. दोन्ही कुळं जुन्या काळी एकमेकांशी लढलेली. आता सोयरिकी होत होत्या, तरी कुठल्याही भांडणात म्हातारे जुन्या मेलेल्यांची नावं काढायचे. कुलका गोईच्या वयाचा, ठेंगणा, तोंडानं तिखट. त्याची जमीन चढावर असल्यानं पावसात सगळा गाळ त्याच्या काठाला साचे. ओदिलिया चर ओलांडून तो भरून आणायची. त्यानं कधी अडवलं नाही.

"न्या वहिनी, न्या," तो वरून ओरडायचा. "सगळं खोरं उचलून बागेत घाला. मग आम्ही तिकडेच राहायला येतो."

"या की. फावडं घेऊन या."

पलीकडचा काठ भुसभुशीत होता. टोपलं घेऊन उभं राहिलं की पाय रुतायचे. त्या वर्षी ओदिलियानं "ह्यांचं" छाटलं होतं. उंच, म्हातारी झालेली झाडं. शेंडे तिनं वाफ्यात उभे लावले. उरल्या नुसत्या कांड्या, मनगटाएवढ्या जाड. एरवी ती त्यांचे तुकडे करून ओल्या मातीत आडवे पुरायची. उसाच्या बेण्यासारखाच प्रकार, डोळा डोळा फुटतो. पण शेंडेच भरपूर होते, म्हणून तिनं त्या कांड्या उचलल्या, पलीकडच्या काठावर एकापुढे एक आडव्या टाकल्या आणि त्यांच्यावर पाय देऊन गाळ भरू लागली. पाय रुतायचे थांबले. आपण एवढी वर्षं हे का केलं नाही, असंच तिला वाटलं.

त्याच आठवड्यात लाएहून फोन आला. बेनिताला दिवस अवघड जात होते, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. ओदिलिया निघाली. बिलुम, दोऱ्यांची विणलेली पिशवी, डोक्याला अडकवली, वियालच्या बायकोला सांगितलं, "चर तेवढा उपसत राहा," आणि बसमध्ये बसली.

ती परत आली तेव्हा नात बसू लागली होती.

मिंजला बस सोडून ती चालत आली आणि घरात न जाता आधी बागेत गेली. चर कुणी उपसला नव्हता. पाणी वाफ्यांच्या वर चढून उतरून गेलेलं दिसत होतं. काळपट जात तगली होती, पिवळ्या रेघांची निम्मी तगली होती. "ह्यांचं" सगळ्यात खालच्या वाफ्यात होतं. तिनं एका झाडाला हात लावला तर ते मातीतून अलगद सरकून वर आलं, खाली मूळ नव्हतं, नुसता घाण वासाचा बुळबुळीत बुंधा. दुसरंही तसंच. सगळीच तशी.

ती तिथेच उकिडवी बसली. थोड्या वेळानं सवयीनं पलीकडच्या काठाकडे बघितलं आणि तिला लाल दिसलं.

चरापलीकडे, कुलकाच्या जमिनीत चांगलं भाल्याच्या लांबीइतकं आत, "ह्यांचं" उभं होतं. एक झाड नव्हे, रांग. कांड्यांवर गाळ चढला होता, डोळे फुटले होते आणि कांड्या एकापुढे एक सरळ टाकलेल्या असल्यामुळे रोपंही सरळ रेषेत आली होती, दोरी धरून लावल्यासारखी. पानं टवटवीत, रुंद, ओली. आनंदानं ओदिलियाच्या तोंडून हुंकार निघाला. तो संपायच्या आत तिनं कुणी बघत तर नाही ना म्हणून मागेपुढे पाहिलं.

कारण टांगेटची सरळ रांग म्हणजे बांध. खोऱ्यातलं शेंबडं पोरही ते ओळखतं. दोन कुळं समोरासमोर उभी राहून हद्द ठरवतात आणि तिच्यावर टांगेट रोवतात. मग त्या झाडाचं पान कुणी तोडत नाही आणि ते झाड उपटणं म्हणजे कुऱ्हाड उचलणं. म्हणून शहाणा माणूस परक्याच्या जमिनीजवळ टांगेटची काडीसुद्धा टाकत नाही. ओदिलियानं सबंध रांग टाकली होती. आणि ही जात फक्त तिच्याकडे होती, त्यामुळे माझं नाही म्हणायचीही सोय नव्हती.

वरून कुलका येताना दिसला. तो आज ओरडला नाही. जवळ येऊन, रांगेच्या त्याच्या बाजूला थांबला.

"आलात?" तो म्हणाला. "मुलगी बरी आहे?"

"बरी आहे. नात झाली."

"चांगलं झालं." त्यानं पानांकडे बोट दाखवलं. "गावाला जाताना बांध कोरून गेलात, वहिनी. सांगून तरी जायचं."

"कुलकादादा, मी पाय ठेवायला कांड्या टाकल्या होत्या. देवाशपथ. आत्ता उपटते."

ती चरात उतरली, पलीकडे चढली, पहिल्या झाडाला हात घालणार तेवढ्यात मागून आरोळी आली, "वहिनी! हात लावू नका!" वियाल धावत येत होता. ती परत आल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं असणार.

"उपटलंत तर आपण चोरी कबूल केली असं होईल," तो धापा टाकत म्हणाला. मग कुलकाकडे वळला. "आणि यानं उपटलं तर आमच्या कुळाचा बांध उपटला असं होईल. बघू या कोण उपटतंय."

"मी कशाला उपटू?" कुलका म्हणाला. "मी काय खुळा आहे? पण वियाल, माझी पोरं खुळी आहेत. लवकर काय ते ठरव."

असं ते झालं. उपटायचं तिनं नाही, त्यानं नाही, आणि ठेवणं तर शक्यच नाही. झाडांना हे काही माहीत नव्हतं. त्या काठावर गाळ ताजा, निचरा चांगला, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली. ती दर पावसाला वाढत राहिली. दोन्हीकडचे लोक बघायला यायचे. कुलकाच्या कुळातली पोरं ओदिलियाच्या बागेजवळून जायची थांबली, आणि गेली तर हातात बुशनाइफ, लांब पात्याचा सुरा, धरून जायची. ओदिलिया रोज चर उपसायची आणि पलीकडे न बघता काम करायची. उभ्या जन्मात तिनं इतकी सुंदर रांग लावली नव्हती.

एका संध्याकाळी वियाल तिच्या चुलीपाशी येऊन बसला. तिनं राखेतून भाजलेलं रताळं काढून त्याच्या हातात दिलं.

"वहिनी," तो रताळं झाडत म्हणाला, "मी विचार केलाय. ती पलीकडची पट्टी चांगली आहे."

"कुलकाची आहे."

"हद्दीवरचं जुनं हिरवं टांगेट बुडून कुजलं, त्याला किती वर्षं झाली. हद्द कुठे होती हे आता कोण सांगणार? चर म्हणाल तर तो दर पुराला सरकतो." त्यानं आवाज खाली आणला. "म्हातारे टुमुनबाबा दोन्ही कुळांची बैठक घेणार आहेत. तिथे म्हणायचं, हे दादानं लावलं होतं. मरायच्या आधी. जुन्या हद्दीवर. दादाचंच झाड आहे ते, सगळं खोरं जाणतं."

"त्यांनी नाही लावलं."

"ते आता नाही म्हणायला येणार आहेत का?"

ओदिलियानं चुलीत लाकूड सारलं. वियालनं रताळं संपवलं, उठला आणि दारातून म्हणाला, "तुम्ही आमच्या कुळाबरोबर बोललात तर बाग तुमची. आमच्या विरुद्ध बोललात तर मग आमच्यात कशाला राहायचं? तुमचे भाऊ आहेत की पलीकडे."

तो गेल्यावर ती बराच वेळ चूल फुंकत राहिली. माहेरी भावांच्या बायका होत्या, त्यांची पोरं होती, आणि माती होती ती निथळून जाणारी. खोटं बोललं तर बाग राहत होती. पण त्या खोट्यावर कुलकाची खुळी पोरं बुशनाइफ घेऊन चर ओलांडणार होती आणि पहिला वाफा तिचाच लागणार होता. शिवाय ते खोटं तिला नवऱ्याच्या नावानं बोलायचं होतं. नाव तर तिनं ते जिवंत असतानाही कधी घेतलं नव्हतं.

बैठक सुरूच्या मोठ्या झाडाखाली बसली. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे, मध्ये टुमुन. टुमुन वियालच्याच कुळातला, पण त्याची आई कुलकाच्या कुळातली, आणि वयानं तो दोन्हीकडच्या सगळ्यांपेक्षा मोठा. त्यामुळे त्याचं दोघेही ऐकत. दात थोडे उरले होते तरी तो ऊस सोलत बसला होता.

वियाल आधी उठला. भावानं लावलेलं झाड, जुनी हद्द, पूर्वजांची हाडं, असं सगळं तो बोलला. चांगलं बोलला. इकडच्या लोकांनी माना डोलावल्या. तिकडून एकानं त्याला बसायला सांगितलं तेव्हा थोडा गलका झाला.

टुमुननं उसाचा चोथा थुंकला. "ओदिलिया, पोरी. तुझ्या नवऱ्यानं लावलं का ते?"

ती उभी राहिली. तिच्या पायांना बागेतला चिखल तसाच होता.

"नाही, बाबा. मी टाकलं."

"लावलंस?"

"लावलं नाही. टाकलं. पायाखाली. पाय रुतत होते म्हणून कांड्या आडव्या टाकल्या आणि गावाला गेले. त्या फुटल्या."

मग तिकडून कुणीतरी हसलं आणि मग इकडचेही दोघेचौघे हसले.

"आमच्या बापजाद्यांनी हद्दीसाठी डोकी फोडली," कुलका म्हणाला, "आणि ह्या बाईनं चिखल लागू नये म्हणून हद्द घातली!"

"वहिनीचं डोकं लाएच्या उन्हानं फिरलंय," वियाल ओरडला. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "आमचं खाऊन त्यांची बाजू घेते! बाबा, मी उद्याच हिच्या भावांना निरोप पाठवतो. घेऊन जा म्हणावं."

हसू थांबलं. टुमुननं उसाचं कांडं खाली ठेवलं.

"निरोप नंतर पाठव. आधी त्या झाडांचं काय करायचं ते सांग. उपटणार कोण?"

वियालनं कुलकाकडे बघितलं, कुलकानं वियालकडे.

ओदिलिया अजून उभीच होती. तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, उपटू नका. मुळासकट, मातीसकट काढा. एक हात कुलकादादाचा, एक भाऊजींचा. आणि खऱ्या हद्दीवर लावा."

"खरी हद्द कुठे आहे?" वियालनं विचारलं.

"मला माहीत आहे," टुमुन म्हणाला. "हिरवं टांगेट रोवलं तेव्हा माती दाबायला मी होतो. माझ्या मामानं मला लाथ घातली होती, नीट दाब म्हणून. ती जागा विसरलो नाही."

"तिथे पाणी असतं," कुलका म्हणाला. "म्हणून तर ते कुजलं."

"म्हणून आधी चर उपसायचा," ओदिलिया म्हणाली. "दोन्हीकडच्यांनी. गाळ मध्ये घालायचा, चांगला गुडघाभर उंच. पाणी दोन्ही बाजूंनी जाऊ दे. वर हे लावा. पाय ओले चालतात याला, बुडलेले—"

"चालत नाहीत," तिकडून आणि इकडून लोक एकदमच म्हणाले. हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

टुमुन तिच्याकडे बघत होता. "हे लाल तुझ्याकडे आणखी आहे का?"

"नाही. बागेतलं सगळं बुडालं."

"बांधावर गेलं की त्याचं पान तोडता येत नाही. फांदी छाटता येत नाही. तुलासुद्धा. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग परत एकदा विचार कर."

"केलाय, बाबा," ओदिलिया म्हणाली.

टुमुन कुलकाकडे वळला. कुलकानं डोकं खाजवलं. "माझं काय जातंय? माझी जमीन मला मिळते. बांध माझ्या घरापेक्षा देखणा होईल, एवढंच."

मग टुमुन वियालकडे वळला. वियाल जमिनीकडे बघत म्हणाला, "बांधाचं ठीक आहे. हिचं काय?"

"हिनं आपलं झाड बांधाला दिलं. आता बांध कोण राखणार? वाफा खचला, चर भरला, तर गाळ कोण चढवणार? तू?"

लोक हसले. वियालच्या हाताला गाळ लागलेला कुणी बघितला नव्हता.

"बांध जिवंत आहे तोवर ओदिलिया इथून हलायची नाही," टुमुन म्हणाला आणि पुन्हा ऊस उचलला. "आणि तो मरावा असं वाटत असेल तर आत्ताच सांगा."



चर उपसायला दोन्हीकडचे झाडून सगळे आले. हुकूम ओदिलियाचा. तरण्या पोरांना ती म्हणायची, "नाचताना एवढे उड्या मारता, टोपलं उचलताना कंबर मोडली का?" गाळाचा उंच वरंबा तयार झाला. मग कुलका आणि वियाल पहिल्या झाडाच्या दोन बाजूंना वाकले, बोटं मातीत घातली आणि एकदम उचललं. झाडाखाली जुनी कांडी आडवीच लोंबत होती, मुळांच्या जटा सुटलेली. कुलकानं ती वियालच्या नाकापुढे धरली.

"हा बघ तुझ्या दादानं लावलेला बांध. झोपवून लावला होता बिचाऱ्यानं."

वियाल हसला नाही, पण त्यानं झाड सोडलंही नाही. दोघांनी ते वरंब्यावर ठेवलं. टुमुननं काठी टेकत येऊन पायानं माती दाबली आणि लाथ घालायला भाचा नाही म्हणून हळहळला. सगळी रांग लावून झाल्यावर एक डुक्कर तापल्या दगडांवर खड्ड्यात भाजलं, दोन्ही कुळांनी एकाच पानावरून खाल्लं, आणि ओदिलियानं हातपाय न धुताच खाल्लं.

पुढच्या हंगामात मिंजहून एक दुकानदारीण लाल रोपं मागायला आली. ओदिलियानं तिला बांध लांबूनच दाखवला आणि गुलाबी काठाची रोपं दिली. बाई कुरकुरली, पण घेऊन गेली. वर्षाच्या नाचाआधी वियाल आला तेव्हा ओदिलिया गाळ चढवत होती.

"वहिनी, पानं."

"घ्या. हिरवी आहेत, जांभळी आहेत."

तो थोडा वेळ बांधाकडे बघत राहिला. "लाल—"

"लाल तिथे आहेत. तोडा हिंमत असेल तर. नाहीतर हिरव्यानं झाका, भाऊजी. मागून कोण बघतंय?"

तो जांभळी घेऊन गेला.

बांधावरची झाडं उंच होत गेली. छाटायची नसल्यामुळे त्यांच्या खालच्या कांड्या उघड्या पडल्या आणि लाल झुबके वर वर गेले. ओदिलियाच्या हाताला ती उंची खपत नसे. ती बुंध्याशी गाळ चढवताना कधी कधी वर बघून जीभ चावायची, पण सुरी कमरेलाच राहायची. मग एका दुपारी वादळी पाऊस आला, केळी आडव्या झाल्या, आणि तो ओसरल्यावर ती चराशी आली तेव्हा पलीकडून कुलका उतरत होता. त्याच्या हातात लाल शेंडा होता, बुंध्याशी पिरगळून मोडलेला.

"माझ्या बाजूला पडला," तो म्हणाला. "मी तोडलेला नाही, वहिनी. बघून घ्या."

तिनं मोड बघितली. सुरीची नव्हती. दोघांनीही एकदा बांधाकडे बघितलं. रांग पूर्ण होती, फक्त एका झाडाचं डोकं गेलं होतं आणि ते खालून पुन्हा फुटणार होतं.

"पडलेलं घेतलं तर चालतं?" तिनं विचारलं.

"टुमुनबाबांना विचारून आलोय. ते म्हणाले, वाऱ्याला कोणतं कूळ?" कुलकानं चरावरून वाकून शेंडा तिच्या हातात दिला. "पण तुमच्या बाजूला लावा. आणि ह्या वेळी उभा लावा, बाई. आडवा नको."

ओदिलियानं तो पदराखाली लेकरू धरावं तसा धरला आणि सगळ्यात उंच वाफ्याकडे चालू लागली.